आवाजाचा फोटो

कोथरूडला आमची रंगीत फोटोंची लॅब होती. होती म्हणते, कारण आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. एकवीस वर्षं मी ती चालवली. हल्लीच्या मुलांना फिल्म धुवावी लागायची असं सांगितलं तर ती माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. त्यांना वाटतं, मी कपड्यांबद्दल बोलतेय.

काम तसं सरळ होतं. गिऱ्हाईक रीळ आणून द्यायचं, आम्ही ते अंधारात उघडून मशीनला लावायचो, आणि रसायनांतून निगेटिव्ह होऊन ते बाहेर यायचं. निगेटिव्हमध्ये सगळे रंग उलटे असतात. नवरीचा चेहरा निळसर, शालू हिरवा. ते उलटं जग बघून शालू लाल होता की राणी, आणि नवरीचा गाल किती उजळ ठेवला तर दोन्हीकडची माणसं खूश होतील, हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे बटणं दाबायची. एक बटण जास्त दाबलं की नवरी काविळीतून उठल्यासारखी दिसायची. लग्नसराईत दिवसाला हजारभर चेहरे माझ्या डोळ्यांखालून जात. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव आठवायचं नाही, पण हा पिवळा कमी घेतो हे मात्र पक्कं आठवायचं.

पण माझं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या भागात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. ते दरवर्षी एक विषय देऊन स्पर्धा घ्यायचं. कधी 'पाणी', कधी 'रस्ता', एकदा 'रविवार'. बारा बाय पंधराचा प्रिंट द्यायचा, मागे फक्त शीर्षक लिहायचं, नाव बंद पाकिटात. प्रिंट करून घ्यायला मंडळी आमच्याकडे येत आणि प्रिंट हातात पडला तरी काउंटरवरून हलत नसत. "जरा बघता का, कसा वाटतो?" हिंजवडीला कंपन्या आल्यावर त्यालाच 'फीडबॅक' म्हणायला लागले. एरवी मामला तोच.

देवधर म्हणून एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे खडकवासल्याच्या सूर्यास्ताचा एक फोटो होता आणि तो ते दरवर्षी पाठवत. 'पाणी'ला चाललाच असता. 'रस्ता'ला त्यांनी शीर्षक दिलं, 'सूर्याचा मार्ग'. पुढच्या वर्षी विषय होता 'हात', आणि ते 'निसर्गाचा हात' घेऊन आले. मी म्हटलं, "देवधर, मंडळ दरवर्षी विषय बदलतं. एखाद्या वर्षी आपणही बदलून बघावं." पंधरा दिवस ते समोरच्या फुटपाथवरून गेले. मग पुन्हा येऊ लागले, कारण त्यांचा केशरी रंग दुसऱ्या कोणाला जमत नव्हता.

दुसरा प्रफुल्ल. अमरावतीचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने अमेरिकेला पाठवलं तेव्हा तिथून मोठा कॅमेरा घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, एकदम ऑनेस्ट फीडबॅक पाहिजे." मी दिला. मग माझं कुठे चुकलं हे तो वीस मिनिटं समजावत राहिला. शेवटी मी म्हटलं, "फोटोशेजारी तुम्हीही भिंतीवर लटकून राहणार असाल तर समजावलेलं चालेल." हे वाक्य पुढे मंडळात बरंच फिरलं. समजावून सांगावा लागतो तो फोटो नव्हे, हा माझा नियम म्हणून लोक एकमेकांना सांगू लागले. मलाही तो आवडायला लागला.

आता खरी गोष्ट सांगते. लॅबच्या शेवटच्या सहा वर्षांत लोकांचे फोटो बघायला काउंटरवर माझ्या शेजारी रशीदभाई बसत. त्याआधी नऊ वर्षं ते आतल्या खोलीत बसत होते. ते बाहेर कसे आले, त्याची ही हकीकत आहे. तीत माझं फारसं कौतुक नाही.

रशीदभाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. ते कॅम्पातल्या एका जुन्या स्टुडिओत रिटचिंग करत, म्हणजे कृष्णधवल निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या आणि डोळ्यांखालची वर्तुळं नाहीशी करत. मुलीचा फोटो स्थळांकडे पाठवण्याआधी पुण्यातली कितीतरी घरं त्यांच्या पेन्सिलीवर विसंबून होती. मग रंगीत रिळं आली, नवीन यंत्रं आली, स्टुडिओ बंद पडला. मला स्पॉटिंगला माणूस हवा होता. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की मोठ्या प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. तो चार केसांच्या ब्रशने आजूबाजूच्या रंगात बेमालूम भरायचा, यालाच स्पॉटिंग म्हणतात. रशीदभाईंनी भरलेला ठिपका भिंग लावूनही सापडत नसे.

माणूस अबोल. सकाळी नऊला यायचे, डबा खायचे, सहाला उठून येरवड्याची बस पकडायचे. पण स्पर्धेचा प्रिंट माझ्या हातात देताना एखादं वाक्य बोलत. "ताई, डावा कोपरा जास्त बोलतोय." किंवा, "यात दोन फोटो आहेत, एक काढून टाकायला पाहिजे." मी बाहेर काउंटरवर येऊन तेच जरा तिखटमीठ लावून सांगायची. 'रविवार' विषयाला एका शिक्षिकेने नवऱ्याचा फोटो आणला होता. आरामखुर्चीत पेपर वाचतोय, पाय स्टुलावर. रशीदभाईंनी नवऱ्यावर आणि पेपरवर पुठ्ठा धरला आणि नुसते पाय दाखवले. मी बाईंना म्हटलं, "फक्त पाय ठेवा." पहिलं बक्षीस मिळालं. बाई माझ्यासाठी पेढे घेऊन आल्या. त्यातले दोन मी आत नेऊन दिले. कशाचे, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी मंडळाने विषय दिला 'आवाज'.

सगळं कोथरूड पेटलं. आवाजाचा फोटो काढायचा कसा? ढोलपथकं आली, देवळातल्या घंटा आल्या, भुंकणारी कुत्री आणि रडणारी बाळं तर ढिगाने आली. एकाने बायकोचा तोंड उघडून ओरडतानाचा फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी ती बाई एकटी आली आणि तो प्रिंट करू नका म्हणून सांगून गेली. देवधर सूर्यास्तच घेऊन आले, शीर्षक 'शांततेचा आवाज'. या खेपेला मी काहीच बोलले नाही, कारण थोडं जमल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी रशीदभाईंनी तयार प्रिंटांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यात एक पाकीट बिननावाचं होतं. कोणाचं, म्हणून विचारलं. म्हणाले, "ओळखीचे आहेत एक. कसा वाटतो, सांगा."

निळ्या रंगाचं बंद दार, रंगाचे पोपडे निघालेले. दाराशी एक बाई उभी, आपल्याकडे पाठ करून. उजवा तळवा खांद्याच्या उंचीवर दाराला सपाट टेकवलेला आणि मान किंचित खाली. डावीकडच्या खिडकीतला उजेड नेमका तिच्या बोटांवर पडलेला. बास, एवढंच.

मला तेव्हा सांगायची सवय लागली होती. मी म्हटलं, "उजेड सुरेख पकडलाय. पण ही बाई कोणाची तरी वाट बघतेय. विषय आवाज आहे. 'प्रतीक्षा' असा विषय आला की पाठवायला सांगा. आणि पाठ का दाखवलीय? चेहरा नाही, तोंड नाही, मग आवाज यायचा कुठून? काढणाऱ्याला विषयच कळलेला नाही."

रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला. "सांगतो त्यांना," म्हणाले. पाकीट आपल्या पिशवीत ठेवलं आणि पुन्हा ब्रश उचलला.

पुढच्या आठवड्यात ते दोन दिवस आले नाहीत. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. घरी फोन नव्हता. मला त्यांची काळजी वाटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं कारण वेगळं होतं. एका गिऱ्हाइकाचा स्पर्धेचा प्रिंट त्यांच्या कपाटात अडकला होता आणि चावी त्यांच्याकडे होती. तिसऱ्या दिवशी वहीतून पत्ता काढून मी स्कूटरवरून येरवड्याला गेले.

बाजाराच्या मागे एक दुमजली चाळवजा इमारत होती. वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला त्यांचं घर. दार निळं होतं. निळी दारं पुण्यात पुष्कळ असतात, त्यामुळे माझ्या मनात काही आलं नाही. मी कडी वाजवली. कोणी उघडेना. हाताने थाप मारली, तरी नाही. शेजारी खिडकी होती, अर्ध्या पडद्याची. मी वाकून आत पाहिलं.

आत दाराला लागून एक बाई उभी होती. उजवा तळवा दाराला सपाट टेकवलेला, मान किंचित खाली. मी दारापासून दीड हातावर होते आणि ती दार उघडत नव्हती. मी खिडकीतून डोळे न काढता हात लांबवून पुन्हा थाप मारली. तिने मान हलवली नाही की कोण म्हणून विचारलं नाही. फक्त तिची बोटं दारावर जराशी पसरली.

फोटो मी ओळखला. पण काय बघतेय ते तेव्हाही कळलं नाही. ते शेजारच्या दारातून बाहेर आलेल्या बाईने सांगितलं. "अशी नाही उघडायची ती, ताई. शमीमभाभीला ऐकू येत नाही. थाप तिला तळव्याला कळते. तुमची ओळखीची नाही ना." मग तिने पुढे होऊन दारावर दोन थापा मारल्या आणि थांबून तिसरी मारली. दार लगेच उघडलं.

रशीदभाई खाटेवर तापाच्या ग्लानीत पडलेले होते. मला बघून उठून बसायला लागले. शमीमभाभी माझ्याकडे बघून हसल्या आणि चहाला लागल्या. मी खुर्चीवर बसले तरी माझं लक्ष त्या दाराकडेच होतं. आतल्या बाजूने पोपडे थेट तसेच होते.

हळूहळू सगळं कळलं. लहानपणी तापात भाभींचे कान गेले होते. दोघांची घरातली अशी हातांची एक भाषा होती. भाच्याने दारावरच्या घंटीला दिवा जोडून दिला होता, पण वीज गेली की तो बिनकामाचा, आणि भाभींना तो आवडतही नसे. दिवा सगळ्यांसाठी सारखाच लागतो. तळव्याला मात्र माणूस कळतो. दूधवाला नखांनी वाजवतो, शेजारीण दोन आणि एक. रशीदभाई आल्याचं तर त्यांना जिन्यापासूनच कळायचं, कारण लाकडी जिना त्यांच्या पावलांनी दाराच्या चौकटीत वाजायचा. संध्याकाळी बसची वेळ झाली की त्या दाराशी येऊन हात टेकून उभ्या राहत. फोटो काढला त्या दिवशी रशीदभाई घरीच होते आणि लेक नगरहून यायची होती. शमीमभाभी तिची पावलं ऐकत होत्या.

मी म्हटलं, "नऊ वर्षांत एकदाही बोलला नाहीत."

"विषय निघाला नाही, ताई."

नऊ वर्षांत त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि मी त्या फोटोला वाटेल ते बोलले."

"बरोबरच बोललात. ज्याला माहीत नाही, त्याला तो वाट बघण्याचाच फोटो आहे. मला माहीत आहे म्हणून मला त्यात आवाज दिसतो. हा काही फोटोचा गुण झाला नाही."

स्पर्धेला अजून चार दिवस होते. पाठवायचाच, असं मी धरून बसले. ते म्हणाले, "माझं काय, हिला विचारा. पाठ हिची आहे." भाभींना त्यांनी हातांनी समजावलं. भाभींनी प्रिंट मागवला, निरखून पाहिला आणि दारावरच्या पोपड्यांवर बोट ठेवून नवऱ्याला बरंच काही सुनावलं. ते रशीदभाईंनी मला सांगितलं नाही, पण कळलं. रंग कधी देणार, असंच असणार. मग भाभींनी होकाराची मान हलवली.

निघाले ती चावी न घेताच. पुलापर्यंत गेल्यावर आठवलं, तिथून स्कूटर फिरवली. पुन्हा जिना चढून थाप मारली, आणि दुसऱ्या थापेला दार उघडलं. माझी थाप एव्हाना ओळखीची झाली होती. त्यांच्या घरी एवढ्या लवकर ओळख झाली आणि मला नऊ वर्षं लागली, हे मनात घेऊनच मी घरी आले.

शीर्षकावरून आमचा वाद झाला. मी म्हटलं, 'थाप' लिहा, निदान अंदाज येईल. रशीदभाई म्हणाले, थाप म्हणजे खोटंही होतं. मग मी 'तळव्याला ऐकू येतं' असं सुचवलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, समजावून सांगावा लागतो तो फोटो नव्हे ना?" आणि त्यांनी पाठीमागे लिहिलं, 'दार'.

फोटो पहिल्याच फेरीत बाद झाला.

मंडळाची एक पद्धत चांगली होती. निकालानंतरच्या रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात परीक्षक सगळ्यांसमोर बोलत आणि बाद झालेल्या फोटोंवरही अभिप्राय देत. नाव घेत नसत. ज्याचा त्याला कळला की झालं. मी रशीदभाईंना आग्रह करून बोलावलं. ते शमीमभाभींना घेऊन आले. तिसऱ्या रांगेत आम्ही तिघं बसलो. पुढे देवधर होते, प्रफुल्ल होता, 'रविवार'वाल्या बाई होत्या. सगळं माझंच गिऱ्हाईक.

परीक्षक बाहेरून आलेले होते, केस पिकलेले, सावकाश बोलणारे. सातव्या की आठव्या फोटोला त्यांनी 'दार' उचलला. म्हणाले, "आलेल्या सगळ्या फोटोंमध्ये हा प्रिंट सर्वांत देखणा आहे. प्रकाश उत्तम. पण विषय आवाज आहे. ही स्त्री कोणाची तरी वाट पाहते आहे. फोटो चांगला आहे, विषय चुकला." आणि तो बाजूला ठेवायला लागले.

माझेच शब्द होते जवळजवळ. मी रशीदभाईंकडे पाहिलं. त्यांनी 'बरोबर आहे' अशी मान हलवली. मला ते सहन झालं नाही. त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांना मी फोटो समजावण्यावरून टोमणे मारले होते, आणि आता मीच उभी राहिले.

मी म्हटलं, "मी लॅब चालवते. या फोटोला मीही हेच म्हणाले होते." आणि मी सांगितलं. त्या ऐकू शकत नाहीत. दारावरची थाप त्यांना तळव्याने कळते. कोण आलंय तेही कळतं. त्या वाट बघत नाहीयेत, ऐकतायत. सुरुवात केलीच होती, तेव्हा उरलेलंही बोलून टाकलं. "आणि गेली नऊ वर्षं तुम्ही माझं म्हणून जे ऐकत आलात, 'फक्त पाय ठेवा' वगैरे, ते माझं नव्हतं. आत बसून ते सांगत होते. हे रशीदभाई. हा फोटो त्यांचा आहे."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. मंडळाच्या नियमात ते बसतही नव्हतं. पण ते बोलल्यावर मला खाली बसता आलं.

परीक्षक म्हणाले की निकाल बदलता येणार नाही. रशीदभाई लगेच म्हणाले, बदलूही नका. त्यावर परीक्षकांनी विचारलं, मी हा पुन्हा एकदा पाहू का? आणि बाजूला ठेवलेला प्रिंट उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. ते बघत राहिले. पुढच्या रांगेतली मंडळी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. देवधरांनी चष्मा चढवला. प्रफुल्ल काहीतरी बोलायला निघाला होता, तो थांबला. पंखे गरगरत होते, आणि शंभर पुणेकर एका ठिकाणी असूनही कोणी काही बोलत नव्हतं.

शमीमभाभींनी इकडे तिकडे पाहिलं. कोणाचेच ओठ हलत नव्हते. मग नवऱ्याच्या बाहीला हात लावून त्यांनी बोटांनी काहीतरी विचारलं. रशीदभाई हसले. मी विचारलं, काय म्हणतात?

"ती विचारतेय, सगळे एकदम गप्प का झाले?"

"मग सांगा ना त्यांना."

त्यांनी हात उचलले, जरा विचार केला, आणि समोरच्या फोटोकडे आणि मग भाभींकडे बोट दाखवून सांगितलं. भाभींनी घाईघाईने ओढणी सारखी केली आणि पाठ ताठ करून बसल्या.